ट्वीटर खरा निघाला, म्हणूनच फसलो

स्पीकरच्या जोडीत बासष्ट हजार गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'थोडक्यात वाचलात' असं कोणी म्हणायला नको.

निवृत्तीनंतर घरी निवांत गाणं ऐकायची हौस होती. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात एक जण ऑर्डरप्रमाणे स्पीकर बनवून देतो असं कळलं. गेलो. "काका, ब्रँडवाले तरी काय करतात? बरेच जण ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा गोल भाग, बाहेरूनच घेतात, खोक्यात बसवतात. तुम्ही नाव बघू नका, ड्रायव्हर बघा." यात खोटं काही नाही, हीच गोम. बीबीसीच्या एलएस ३/५ए स्पीकरचा दाखला दिला. त्यात केईएफ या दुसऱ्या कंपनीचे बी११० आणि टी२७ हे ड्रायव्हर होते, हेही खरं. फक्त त्या छोट्या खोक्याची बरीचशी करामत क्रॉसओव्हरमध्ये होती, हे त्याने गाळलं. खालच्या सुरांचा मोठा ड्रायव्हर म्हणजे वूफर, वरच्या सुरांचा छोटा म्हणजे ट्वीटर; कुठले सूर वूफरकडे आणि कुठले ट्वीटरकडे, हे ठरवणारा कॉइल-कपॅसिटरचा बोर्ड म्हणजे क्रॉसओव्हर.

डेमोत तानपुऱ्याची जवारी अशी ऐकू आली की मी खुर्चीत पुढे सरकलो. मग त्याने चार स्क्रू काढून ट्वीटर हातात दिला. स्कॅन-स्पीक, डेन्मार्क. मी चाळिशी लावून अक्षरं वाचली. वूफर? "तोही त्याच कंपनीचा, काका. सील कशाला तोडायचं?" मीही म्हटलं, कशाला. दहा हजार यूपीआयने दिले, उरलेले बावन्न रोख. बिल नको, जीएसटी वाचेल. हा शहाणपणा माझाच.

तीन आठवड्यांनी जोडी घरी आली. तबल्यातला बायाँ प्रत्येक ठोक्याला एकच 'धुम्' करायचा, गाणारा नाकात बोलायचा. फोन केला तर म्हणाला, "नवे आहेत, शंभर तास वाजू द्या, मोकळे होतील." मी खरंच वहीत तास लिहीत बसलो! आमची ही म्हणाली, स्पीकर आहेत की लोणचं मुरत घातलंय? एका रविवारी ॲम्प्लिफायर चटका बसेल इतका तापला आणि बंद पडला. त्याच्या मागे स्पष्ट लिहिलंय, ८ ओहमपेक्षा कमीचे स्पीकर लावू नयेत.

ऐरोलीचा भाचा मल्टिमीटर, म्हणजे ओहम मोजायचं यंत्र, घेऊन आला. वूफरचे सहा बोल्ट काढले. ८ ओहमचा वूफर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो. हा ३.३ दाखवत होता, म्हणजे सरळ ४ ओहमचा; ॲम्प्लिफायर तापला तो म्हणूनच. फ्रेम ओतीव ॲल्युमिनियमची सांगितली होती. भाच्याने फ्रिजवरचा मॅग्नेट काढून फ्रेमच्या कडेला लावला, तो टचकन चिकटला. साधा पत्रा. मागच्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली खरवडलेला दुसराच शिक्का. आणि आत बोर्डच नाही! वूफरला वायर थेट जोडलेली, ट्वीटरच्या वाटेत एकुलता एक कपॅसिटर.

"मामा, बाकीचं सामान कुठंय?" भाच्याने विचारलं.

ट्वीटर मात्र दोन्हीकडे अस्सल. दाखवायला तेवढाच लागतो ना.

गाळ्यावर गेलो तर म्हणे, डेमोची जोडी वेगळी, ती दीड लाखाची. नंतर नंबरच ब्लॉक केला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हातात पुरावा म्हणून दहा हजारांची यूपीआय नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं त्याचं 'दोन्ही ओरिजिनल डॅनिश, ८ ओहम' एवढंच. हे मेसेज मी फोनमधली जागा रिकामी करताना पुसणारच होतो.

ऑर्डरचे स्पीकर घ्यायला जात असाल तर खिशात मल्टिमीटर आणि फ्रिजवरचा एक मॅग्नेट टाका. तिथे कोणी आपणहून ट्वीटर उघडून दाखवायला लागला, तर म्हणा, तो राहू दे, वूफर काढ. आणि घरी येईल ती जोडी उघडून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.