बेहरिंगर एक्सआर१८: स्टेजवर आणि घरच्या स्टुडिओत वापरून झाल्यावर

बेहरिंगरचा एक्सआर१८ हा डिजिटल मिक्सर (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारं यंत्र) दिवाळी पहाटच्या आधी घेतला आणि परवाचा गणपतीचा सीझनपण त्याच्यावरच काढला. शिवाय मिरजेत घरी रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे तिथे एरवी हाच लावलेला असतो, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. याच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक रॉक बँडवाल्यांचं असतं, ड्रम, बास, दोन गिटार. आमचं काम म्हणजे अभंग, नाट्यगीत, भावगीत, मधेच कीर्तन. तबला, पखवाज, पेटी, टाळ, बासरी, कीबोर्ड, साइड ऱ्हिदम आणि दोन-तीन गाणारे. त्या हिशोबाने सांगतो.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. रॅकमध्ये (उपकरणं बसवायच्या चौकटीत) ३ यू उंची घेणारा डिजिटल मिक्सर, मायडस कंपनीच्या डिझाइनचे १६ माइक प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारे), १७-१८ नंबरला लाइन इनपुट (माइकऐवजी दुसऱ्या यंत्राचा आवाज घ्यायला), बाहेर श्रोत्यांसाठी मेन लेफ्ट-राइट आणि ६ ऑक्स, म्हणजे वेगळं मिश्रण पाठवायच्या वाटा. मशीनवर फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) एकही नाही, सगळं टॅबवरून नाहीतर लॅपटॉपवरून. फँटम, म्हणजे कंडेन्सर जातीच्या माइकला लागणारी वीज, प्रत्येक चॅनलला वेगळं चालू-बंद होतं, हे फार महत्त्वाचं, कारण कंडेन्सर फक्त बासरीला लावलाय म्हणून सगळ्याच माइकना ४८ व्होल्ट द्यायला नको वाटतं. चॅनल १ आणि २ हाय-झेड आहेत, म्हणजे गिटारचा पिकअप मधे डीआय बॉक्स (सिग्नल जुळवणारी डबी) न लावता सरळ घालता येतो.

पण मला विचाराल तर पैसे वसूल होतात ते त्या सहा ऑक्समध्ये, म्हणजे मॉनिटरमध्ये (कलाकारांना स्वतःला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेले स्पीकर). आधीच्या छोट्या अॅनालॉग मिक्सरला दोनच मॉनिटर सेंड होते, एक गायकाला आणि दुसऱ्यात बाकी सगळे वादक. मग तबलजीला गायक हवा, पेटीवाल्यांना तानपुरा हवा, बासरीवाल्याला टाळ नको, आणि हे सगळं एकाच स्पीकरमध्ये कसं बसवणार? आता प्रत्येकाचं वेगळं. आणि त्याहून भारी म्हणजे टॅब घेऊन मी सरळ स्टेजवर जाऊन बुवांच्या शेजारी बसतो, त्यांना जे ऐकू येतंय तेच मला ऐकू येतं.

"बुवा, आता कसंय?"

"तानपुरा अजून थोडा द्या, आणि तेवढा टाळ काढा माझ्यातनं."

तिथेच बसून बोटाने केलं, ते मान हलवतात, काम झालं. पूर्वी हॉलच्या मागच्या टोकाला मिक्सर आणि स्टेजवरून हातवारे, एक बोट वर म्हणजे माझा आवाज वाढव की तबला वाढव हे कळायलाच अर्धं गाणं जायचं. कलाकार निवांत असला की गाणं वेगळंच होतं हो, आणि ते श्रोत्यांपर्यंत पोचतं. त्यासाठी मी हा मिक्सर कुणालाही घ्यायला सांगेन.

मॉनिटरचा आवाज परत माइकमध्ये जाऊन जी शिट्टी येते ती घालवायचं कामपण सोपं झालंय. प्रत्येक ऑक्सला ३१ बँडचा ग्राफिक इक्वलायझर (प्रत्येक फ्रिक्वेन्सी वेगळी कमी-जास्त करायला) आहे आणि त्याच्यावरच आरटीए, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणारा आलेख, दिसतो. तेव्हा मॉनिटर हळूहळू वाढवत न्यायचा, ज्या फ्रिक्वेन्सीला काठी वर जाऊन तिथेच उभी राहते ती तीन-चार डीबी खाली घ्यायची. पेटीच्या माइकवर हे नक्की करा, पेटीवाले बसतात मॉनिटरला अगदी चिकटून.

तबल्याबद्दल थोडं सविस्तर, कारण यावर कुणी लिहीत नाही. तबल्याचा चॅनल आणि डग्ग्याचा चॅनल वेगळे ठेवायचे, तबल्याला १०० हर्ट्झच्या आसपास लो कट (त्याखालचे आवाज कापणं), डग्ग्याचा लो कट अगदी खाली नाहीतर बंदच. चॅनलवर गेट (आवाज हळू झाला की चॅनल आपोआप बंद करणारी सोय) आहे म्हणून लावायचा मोह होतो, विशेषतः टाळ सगळ्या माइकमध्ये घुसतात तेव्हा, पण डग्ग्यावर गेट लावला की घुमारा मधेच तुटतो, मनगट दाबून जो आवाज खेचतात त्याची शेपटीच गायब. पखवाजाचंही तेच. त्यापेक्षा टाळकऱ्यांना दोन फूट मागे बसवलेलं बरं, त्याचा उपयोग कुठल्याही गेटपेक्षा जास्त होतो. कॉम्प्रेसर (मोठा झालेला आवाज आवरणारा) मात्र हलका लावतो, रेशो, म्हणजे आवरण्याचं प्रमाण, २ च्या आसपास, अटॅक, म्हणजे आवरायला लागणारा वेळ, जरा सावकाश, म्हणजे चाटेचा (तबल्याच्या कडेचा) खणखणीतपणा राहतो.

आता वायफाय. टॅब ज्याच्यावर जोडतो ते मिक्सरच्या आतलं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. घरात, तालमीत मस्त चालतं. पण मांडवात चार-पाचशे माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन, कुणाचा हॉटस्पॉट चालू, अशा ठिकाणी त्या पट्ट्यात इतकी गर्दी असते की त्याच्या भरवशावर कार्यक्रम करू नये. ५ गिगाहर्ट्झचा साधा राउटर घ्या, मिक्सरच्या लॅन पोर्टला (नेटवर्कच्या वायरच्या सॉकेटला) जोडा, आणि मिक्सरच्या दर्शनी बाजूचं बटण इथरनेटवर, म्हणजे वायरच्या जोडणीवर, ठेवा. राउटर रॅकच्या आत कोंबू नका, माइक स्टँडवर डोक्याच्या वर बांधा, कारण माणसांची अंगं सिग्नल खातात. शिवाय लॅपटॉप वायरने त्याच राउटरला जोडून उघडाच ठेवायचा, टॅब अडकला तर तिथून लगेच हात घालता येतो. हा सगळा खर्च मिक्सरच्या किमतीतच धरून चाला.

एक छोटा यूपीएसपण (लाइट गेली तरी बॅटरीवर वीज देणारा) धरा. गणपतीत एका ठिकाणी जनरेटर बदलताना दोन क्षण लाइट गेली, दिवे लगेच आले पण मिक्सर पुन्हा सुरू होऊन टॅब जोडला जाईपर्यंत स्टेजवर नुसती शांतता, आणि गायिका बिचारी आलापाच्या मध्यात. मिक्सर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर असले की हा प्रश्न उरत नाही.

फेडर नसणं हे ज्याचं त्याने ठरवायचं. नुसती भावगीतं असतील तर टॅबवर काही अडत नाही. पण तबला-पखवाज जुगलबंदी असेल, किंवा गायक आणि पेटी यांची झटपट देवाणघेवाण चालली असेल तेव्हा काचेवर बोट न बघता ठेवता येत नाही, नजर सारखी खाली जाते आणि स्टेजवरची सुटते. ज्यांचे असे कार्यक्रम जास्त त्यांनी एक्स-टचसारखा फेडरवाला कंट्रोलर लॅनवर जोडावा. मी अँड्रॉइडवर मिक्सिंग स्टेशन हे अॅप वापरतो, त्यात आपल्याला हवे तेवढेच चॅनल मोठे करून एका पानावर घेता येतात, त्याने बरंच भागतं. सूत्रसंचालक आणि पाहुणे बोलणार असतील तर ऑटोमिक्स लावून टाकायचा, जो बोलतोय त्याचाच माइक आपोआप वर राहतो.

स्टुडिओकडे येतो. यूएसबीची एक वायर लावली की हाच १८ इन १८ आउटचा ऑडिओ इंटरफेस होतो, म्हणजे कॉम्प्युटरला १८ आवाज वेगवेगळे देतो आणि १८ परत घेतो. मॅकवर काही घालावं लागत नाही, विंडोजवर ड्रायव्हर टाकावा लागतो. रेकॉर्डिंगचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतो ते) ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ एवढंच, ९६ ज्यांना लागतं त्यांनी दुसरं बघा, मला आजवर लागलं नाही. इथे मिरजेचा तानपुरा रेकॉर्ड करतो, किती हळू वाद्य आहे ते ज्यांनी माइक लावलाय त्यांना माहीत आहे, गेन बराच वर न्यावा लागतो, तरी खालची सळसळ त्रास देईल इतकी येत नाही. हेडफोनचा जॅक मात्र एकच. त्यामुळे गायक आणि तबलजी दोघांना द्यायचं तर ऑक्समधून वेगळा हेडफोन अँप लावायचा, रिव्हर्ब (आवाजाला हॉलसारखी गुंज देणारा इफेक्ट) मिक्सरमधलाच द्यायचा, कॉम्प्युटरमधून फिरून येणारा उशीर मग येतच नाही आणि गाणाऱ्याचा सूर-लय बिघडत नाही.

आणि स्टेज-स्टुडिओ एकाच मशीनवर असण्याचा जो फायदा मला सगळ्यात आवडला तो असा: कार्यक्रम चालू असतानाच लॅपटॉपवर सगळे ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड करायचे, यूएसबी सेंडचा टॅप (आवाज कुठल्या टप्प्यावर उचलायचा ते) अॅनालॉगवर ठेवायचा म्हणजे इक्यू (इक्वलायझर), कॉम्प्रेसर काही न लागता कोरा आवाज जातो. घरी येऊन चॅनलचा इनपुट यूएसबीवर टाकायचा आणि तेच ट्रॅक परत मिक्सरमधून वाजवायचे. जणू सगळे कलाकार समोर बसलेत आणि कितीही वेळा तेच गाणं म्हणायला तयार आहेत! रात्री अकरा वाजता हेडफोन लावून पेटीचा इक्यू सावकाश शोधता येतो. जमला की स्नॅपशॉट (सगळ्या सेटिंगची नोंद) सेव्ह, पुढच्या कार्यक्रमाला तिथून सुरुवात. उघड्यावर रात्री १० ला स्पीकर बंद करावा लागतो, त्यात भाषणं लांबलेली असतात, अशा वेळी साउंड चेकची वाचलेली वीस मिनिटं म्हणजे दोन अभंग जास्त.

जुना घेणार असाल तर एकच माइक घेऊन सोळाही सॉकेटमध्ये फिरवा, फँटम लावून आणि काढून दोन्ही बघा, सहाही ऑक्स ऐका, आणि लॅन पोर्टमध्ये वायर घट्ट बसते का ते हलवून बघा. सगळे सॉकेट दर्शनी बाजूलाच आहेत, त्यामुळे रॅकचं झाकण लावताना वायरी काढाव्याच लागतात, प्रत्येक सॉकेटवर पट्टी चिकटवून वाद्याचं नाव लिहून ठेवा.