एक्सपल्स २०० ४व्ही: सस्पेन्शन स्वतःच्या वजनाला लावून घेतल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. हिरोची ही मोटरसायकल शोरूममधून येते तशी चालवली तर चांगली आहे. मागचा शॉकअप आपल्या वजनाप्रमाणे लावून घेतला, तर मुंबईच्या रस्त्यांवर या किमतीत इतकी शांत चालणारी दुसरी गाडी मला माहीत नाही. एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा वापरून हे लिहितोय. इंजिन, मायलेज यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय. मी फक्त गाडी सरळ आणि ठाम कशी चालेल त्याबद्दल बोलणार आहे.

रोजचा रस्ता मुलुंड ते अंधेरी एमआयडीसी. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून कांजूरमार्ग, तिथून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), पवई आणि सीप्झ. मेट्रो ६ च्या कामामुळे जेव्हीएलआरवर डांबर, सिमेंट, पेव्हर ब्लॉक आणि लोखंडी प्लेटा हे सगळं एकाच प्रवासात भेटतं. सुट्टीच्या दिवशी माळशेज किंवा जुन्या हायवेने खंडाळा. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी असल्यामुळे आपला घाट तोच.

सुरुवातीला दोन गोष्टी खटकत होत्या. सिमेंट रोडवर दोन स्लॅबमधला लांब सांधा आला की पुढचं चाक त्यात ओढलं जायचं आणि हँडल हातात हलकं हलकं व्हायचं. वळणावर गाडी ठरवलेल्या रेषेपेक्षा बाहेर जायची. पुढचा टायर ९०/९०-२१ म्हणजे मोठा आणि अरुंद, त्यामुळे सांधा थोडाफार जाणवणारच. पण ती फक्त टायरची गोष्ट नव्हती.

एका गॅरेजमध्ये विचारलं तर पोरगा म्हणाला, "दादा, मागचा हार्ड करून देतो, सरळ चालेल." त्याने शॉकअपवरची स्प्रिंग दाबणारी रिंग शेवटच्या खाचेपर्यंत फिरवली. हायवेवर बरं वाटलं, पण फ्लायओव्हरच्या प्रत्येक जॉइंटला सीट खालून लाथ मारायची आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की मागचं चाक उचलल्यासारखं व्हायचं. बहुतेक गॅरेजमध्ये हेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही रिंग फिरवणं म्हणजे प्रीलोड बदलणं. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तीच राहते, तिचा कडकपणा तारेची जाडी आणि वेटोळ्यांवर ठरलेला असतो. रिंग फिरवून आपण फक्त स्प्रिंग आधीपासून थोडी दाबून ठेवतो. त्याने गाडी मागून वर उचलली जाते. मागून उंच झाली की पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा, कोन उभा होतो, वजन पुढे सरकतं आणि हँडल चटकन वळतं. मागून जास्त बसली तर उलट घडतं: पुढचं चाक हलकं होतं, हँडल भरकटतं आणि वळणावर गाडी बाहेर पळते. माझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ इथे होतं. मी बसलो की गाडी मागून गरजेपेक्षा जास्त बसत होती. तिला उपाय हवा होता तो शेवटच्या खाचेचा नाही, बरोबर खाचेचा.

बरोबर खाच मापून काढायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मेझर टेप आणि दोन माणसं एवढ्यात काम होतं. मागचं चाक जमिनीवरून पूर्ण उचलून अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर शेपटीवर एक खूण करायची आणि अंतर लिहून ठेवायचं. मग गाडी नुसती उभी करून तेच अंतर. मग रोजचं जॅकेट, बूट, पाठीवरची बॅग, सगळं चढवून बसायचं, पाय फुटपेगवर, पुढून एकाने हँडल धरायचं आणि पुन्हा मापायचं. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे सॅग. सॅग एकूण प्रवासाच्या, म्हणजे चाक खालीवर जितकं हलू शकतं त्या अंतराच्या, साधारण तीस टक्के, हा जगभर वापरला जाणारा हिशोब. या गाडीचा मागचा प्रवास १७० मिमी, म्हणजे ५० मिमीच्या आसपास हवं. माझं वजन बॅगेसकट ऐंशीच्या घरात. कंपनीच्या सेटिंगवर माझा सॅग साठच्या वर येत होता. मोनोशॉकला (मागच्या एकुलत्या शॉकअपला) १० खाचा आहेत, हुकच्या पान्याने रिंग दोन खाचा पुढे घेतली आणि माप पन्नासवर आलं.

फरक त्याच संध्याकाळी ईस्टर्न एक्स्प्रेसवर कळला. सांध्यावर चाक अजूनही किंचित हलतं, पण हँडल हातातून निसटल्यासारखं होत नाही. कांजूरच्या वळणावर जिथे गाडी बाहेर जायची तिथे आता नजर जाते तिथे गाडी जाते. मला हे फार मोलाचं वाटतं. ट्रकच्या बाजूने जाताना अर्धा फूट इकडेतिकडे होणं ही साधी गोष्ट नसते.

मागे कोणी बसणार असेल तर मात्र वेगळी खाच. बायको मागे बसली आणि सेटिंग तेच ठेवलं, तर रात्री समोरून येणारे डिपर मारायला लागतात. गाडी मागून बसली की हेडलाइट वर जातो, ही सगळ्यात सोपी परीक्षा. दोघं असताना मी जवळजवळ शेवटच्या खाचेवर ठेवतो आणि परत आल्यावर माझ्या खाचेवर आणतो. पाना सीटखाली ठेवलाय, पाच मिनिटांचं काम आहे. आळस येतो, पण माळशेज उतरताना हे केलेलं जाणवतं. रिंग फिरवण्याआधी तिच्या खाचेतली माती ब्रशने काढा, नाहीतर पाना सटकून बोटं सोलतात.

प्रीलोड बदलल्यावर चेनही बघा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा पिव्हट (मागचं चाक धरणारा दांडा जिथे फिरतो तो सांधा) आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. लांब प्रवासाच्या सस्पेन्शनमध्ये हा फरक मोठा असतो. स्टँडवर छान दिसते म्हणून चेन कसली, तर खड्ड्यात ती तट्ट ताणली जाते, सस्पेन्शन अडतं आणि बेअरिंगवर ताण येतो.

आता पुढची बाजू. या मॉडेलच्या ३७ मिमी फोर्कला फिरवायला काहीच नाही, प्रवास १९० मिमी. माझा पुढचा सॅग तीस टक्क्यांच्या जवळच आला, त्यामुळे हात लावायची गरज पडली नाही. फोर्क पूर्ण किती वापरला जातो ते बघायचं असेल तर फोर्कवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, वर सरकवून नळीवर, सीलच्या (तेल आत राखणाऱ्या रबरी कड्याच्या) लगेच वर, एक बारीक केबल टाय सैलसर बांधा. फिरून आल्यावर तो जिथे थांबला तिथपर्यंत फोर्क दाबला गेला होता. रोजच्या रस्त्यावर टाय कधीच टोकाला गेला नाही. लोखंडी प्लेटवरून उतरतानाही तो टोकाच्या थोडा अलीकडे थांबतो, हे मला योग्य वाटतं.

ते रबरी बूट नळीचं रक्षण करतात, पण पावसाळ्यात आतला चिखल आणि सीलची गळती दोन्ही झाकतात. ऑगस्टमध्ये बूट वर केला तर आत लाल पाण्याची लापशी होती. तशीच राहिली असती तर सील कापलं गेलं असतं. पावसात दर आठवड्याला बूट वर करून फडक्याने पुसा, डस्ट सीलखाली पातळ प्लास्टिकची पट्टी फिरवून कण काढा. पाच रुपयांचाही खर्च नाही.

पुढचं चाक पंक्चरसाठी बहुतेकदा काढावं लागतं, कारण स्पोकचं रिम आणि आत ट्यूब. बसवताना अ‍ॅक्सल पूर्ण आवळण्याआधी ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबायला सांगा. फोर्कच्या दोन्ही नळ्या आपोआप समांतर बसतात. ते न करता आवळलं तर नळ्या तिरक्या अडकतात, फोर्क घासत चालतो आणि छोटे खड्डे थेट मनगटात येतात. एकदा पंक्चरनंतर पुढचा भाग अचानक दगडासारखा लागायला लागला, अ‍ॅक्सल सैल करून हे केलं आणि लगेच ठीक झाला.

हवेचा दाब स्वतःच्या काट्याने, सकाळी टायर थंड असताना बघा. पंपावरच्या काट्यांवर माझा भरवसा नाही. पुढे हवा कमी असली की हँडल जड होतं आणि सिमेंटचे सांधे दुप्पट जाणवतात. शॉकअपला हात लावण्याआधी हवा आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासा. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवायचं. मध्यावर खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला. पुढचा ब्रेक धरून गाडी पुढेमागे हलवल्यावर टक् आवाज आला तर तो सैल आहे. अशा गाडीला कुठलीही खाच सरळ चालवणार नाही.

तक्रार एकच. मागच्या शॉकअपला रिबाउंड, म्हणजे दाबल्यावर परत उघडायचा वेग, कमीजास्त करायची सोय नाही. प्रीलोड जास्त असताना सलग स्पीडब्रेकरवर मागची बाजू जरा पटकन उसळते, आणि त्यावर घरगुती उपाय नाही. याच गाडीच्या ४व्ही प्रो मॉडेलमध्ये सस्पेन्शन पूर्ण अ‍ॅडजस्ट होतं, पुढे २५० आणि मागे २२० मिमी प्रवास मिळतो, पण सीट ८९१ मिमी उंच आहे. माझ्या गाडीची ८२५. जेव्हीएलआरच्या ट्रॅफिकमध्ये दर दहा सेकंदांनी पाय टेकवायचा असतो, तेव्हा माझ्या उंचीच्या माणसाने प्रो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पावणेसहा फुटांच्या वरच्यांनी आणि आठवड्याअखेरीस कच्च्या वाटांवर जाणाऱ्यांनी जरूर चालवून बघावी.

तुमचं वजन नव्वदच्या पुढे असेल किंवा मागे रोज कोणीतरी बसत असेल, तर आधी शेवटच्या खाचेवर सॅग मापा. तरीही साठच्या खाली येत नसेल तर रिंगशी खेळत बसू नका, जास्त रेटची, म्हणजे जास्त कडक, स्प्रिंग घालून घ्या. स्प्रिंग बदलल्यावर सगळी मापं पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागतील, कारण जुनी खाच नव्या स्प्रिंगला चालत नाही.