रोइंग मशीनसाठी संगणक घेताना झालेली फसवणूक

रोइंग मशीन म्हणजे घरात बसून वल्हवण्याचा व्यायाम करायचं यंत्र. त्याचं सॉफ्टवेअर चालवण्यासाठी संगणक घेणार असाल, तर पैसे देण्याआधी आपल्या मशीनवरचा मॉनिटर, म्हणजे वेग-अंतराचे आकडे दाखवणारा छोटा डबा, त्या संगणकाला जोडून बघा. विकणाऱ्याच्या समोर, स्वतःच्या हाताने. मी ते केलं नाही आणि पुढचे जवळजवळ दोन महिने निस्तरत बसले. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की विकणाऱ्याच्या सांगण्यावरून मी माझ्या धडधाकट मशीनवर संशय घेत राहिले.

गुडघ्यांमुळे धावणं सोडावं लागलं तेव्हापासून मी रोइंग मशीनवर आहे. मशीन कन्सेप्ट टू चं, त्यावर पीएम ५ मॉनिटर. आठवड्यातले चार-पाच दिवस, पहाटे, एकटीच. रोजच्या सरावाला एकटेपणा चालतो, पण २००० मीटर जोर लावून काढायचे असले की शेवटच्या ५०० मीटरला शेजारी कुणीतरी हवं असतं. फोनवर एर्गडेटा हे मशीनचे आकडे दाखवणारं अ‍ॅप होतंच आणि ते बिनतक्रार चालत होतं. मला हवा होता मोठा स्क्रीन, ज्यावर पाणी दिसेल, इतरांच्या बोटी दिसतील आणि घामाने चष्मा काढून ठेवला तरी आकडे वाचता येतील. एवढीच गरज होती.

या कामासाठी संगणकाला नेमकं काय करावं लागतं, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर मी पहिल्या पाच मिनिटांतच उठून आले असते. सगळं मोजमाप मशीनवरचा मॉनिटर करतो. आपण हँडल ओढतो, सोडतो, मग पुढच्या ओढीपर्यंत पंख्याचं चाक किती मंदावतं हे तो प्रत्येक स्ट्रोकला, म्हणजे ओढीला, बघतो आणि त्यावरून ड्रॅग फॅक्टर, म्हणजे चाकाला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा, काढतो. वेग, वॅट, अंतर, सगळा हिशोब तिथेच होतो. ५०० मीटरला २ मिनिटं हा वेग म्हणजे सुमारे २०३ वॅट आणि १ मिनिट ४५ सेकंद म्हणजे सुमारे ३०२ वॅट, हे गणित मॉनिटरच्या पोटात आहे, संगणकाच्या नाही. संगणक फक्त तयार आकडे घेतो आणि चित्र दाखवतो. आकडे घ्यायला मुख्य वाटा दोन: ब्लूटूथ किंवा यूएसबीची तार. त्या आकड्यांचं ओझं इतकं हलकं आहे, की साधा फोनसुद्धा ते सहज पेलतो. तेव्हा पहिला प्रश्न ताकदीचा नसतो, जोडणीचा असतो. आणि माझ्या विक्रेत्याने सुरुवातच ताकदीपासून केली.

तो आमच्या व्यायामाच्या ओळखीतल्या एकाकडून कळला होता. वापरलेले आणि असेंबल केलेले संगणक विकायचा. माझं म्हणणं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "ताई, हे म्हणजे गेमच आहे. लॅपटॉपवर अडकत अडकत चालेल, मग तुम्हीच मला नावं ठेवाल. आय-सेव्हन घ्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्या, पुढची पाच वर्षं बघायला नको." आय-सेव्हन म्हणजे इंटेलचा प्रोसेसर, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग. मी विचारलं, मॉनिटर जोडला जाईल ना? तो म्हणाला, "ब्लूटूथ पाच पॉइंट शून्यचा डोंगल देतो ना तुम्हाला. कशालाही जोडा." डोंगल म्हणजे यूएसबीत खोचायचा ब्लूटूथचा छोटा तुकडा.

मग त्याने दाखवून दिलं. निदान मला तसं वाटलं. स्क्रीनवर नदी, तीन बोटी, खाली स्ट्रोक रेट (मिनिटाला किती ओढी) आणि वेगाचे आकडे, सगळं लोण्यासारखं सरकत होतं. मी खुश झाले. मधे एकदा त्याचा हात माऊसला लागला, तेव्हा स्क्रीनच्या तळाशी एक बारीक पट्टी क्षणभर दिसून गेली. व्हिडिओ चालू असताना दिसते, तसली. मी ती पाहिली होती आणि तरी मनाशी काही जोडलं नाही. घरी सगळं बिघडल्यावर आठवलं, की खोलीत रोइंग मशीनच नव्हतं. मग ते आकडे येत कुठून होते? त्याने मला सॉफ्टवेअर दाखवलंच नव्हतं, सॉफ्टवेअरची चित्रफीत दाखवली होती.

घरी आल्यावर संगणकाला मॉनिटर सापडेना. मी पन्नास वेळा प्रयत्न केला असेल. त्याला फोन केला, तर ठाम आवाजात म्हणाला, "मशीनचा मॉनिटर जुना झालाय, त्याचं ब्लूटूथ गेलेलं असणार." मला ते पटलं, कारण संगणक नवा आणलेला होता आणि मशीन जुनं. मी मॉनिटरचे दोन्ही डी आकाराचे सेल बदलले. त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, नवं केलं. मशीनची जागा बदलली. नव्या मॉनिटरची चौकशीसुद्धा करून ठेवली. यात तीन आठवडे गेले आणि सराव निम्म्यावर आला. रोज पहाटे मशीनवर बसायच्या ऐवजी मी टेबलापाशी बसून त्याच त्या बटणांवर क्लिक करत होते.

आणि हे सगळं चालू असताना फोन शेजारीच पडलेला होता. एका सकाळी कंटाळून एर्गडेटा उघडलं, मॉनिटरवर कनेक्ट दाबलं, आणि दोन सेकंदांत जोडणी झाली. मॉनिटरचं ब्लूटूथ ठणठणीत होतं. ही इतकी सोपी परीक्षा मी पहिल्याच दिवशी का केली नाही, याचा मला आजही राग येतो. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी फोनवर जोडून बघा. फोनला मॉनिटर सापडला तर दोष संगणकाकडेच आहे, विकणारा काहीही म्हणो.

मग डोंगल तपासला. पीएम ५ ज्या ब्लूटूथने बोलतो ते लो एनर्जी प्रकारचं, म्हणजे आवृत्ती ४.० पासून पुढचं. ही आवृत्ती २०१० ची. त्याआधीचं ब्लूटूथ हेडफोनला आवाज पोचवतं, माऊसही चालवतं, म्हणून "ब्लूटूथ चालतंय की" असं वाटत राहतं, पण मॉनिटर त्याला कधीच दिसणार नाही. विंडोजमध्ये हे बघता येतं. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, ब्लूटूथच्या यादीतल्या अडॅप्टरवर दोनदा क्लिक करायचं, अ‍ॅडव्हान्स्ड पानावर एलएमपी या अक्षरांपुढे एक आकडा असतो. ६ असेल तर आवृत्ती ४.०, ८ असेल तर ४.२, ९ असेल तर ५.०. माझ्या डोंगलवर मोठ्या अक्षरांत ५.० छापलेलं होतं. पानावर आकडा होता ४, म्हणजे आवृत्ती २.१. छापील अक्षरावर मी विश्वास ठेवला होता.

विक्रेत्याला फोन केल्यावर तो जराही गडबडला नाही. "मग तारेने जोडा ताई, तारच भरवशाची." वर दहा मीटरची लांब यूएसबी तार विकली. यूएसबी २.० च्या मानकात साध्या तारेची मर्यादा ५ मीटर आहे, हे मला नंतर समजलं. जोडणी दर काही मिनिटांनी तुटायची. प्रिंटरला लावतात तसली साधी छोटी तार घरात होती, ती लावली आणि ते दुखणं एकदाचं संपलं.

आता आकडे आले, पण चित्र चालेना. नदी थांबून थांबून सरकायची, दुसऱ्या बोटी दिसायला लागल्या की सगळं गोठायचं. मॉनिटरवर माझा स्ट्रोक रेट २४ आणि स्क्रीनवरची बाई वल्हं हवेत धरून उभी. ग्राफिक्स कार्डाचं नाव जीटीएक्स १०५० टीआय, स्मृती ४ जीबी, असं संगणकच सांगत होता. एवढ्या कार्डाला हे सॉफ्टवेअर जड जायला नको. मला वाटलं ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड वापरता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, जुना असेल, म्हणून अधिकृत नवा ड्रायव्हर घातला. संगणक निळ्या पडद्यावर जाऊन बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना.

इथे मला विक्रेत्याचं एक वाक्य आठवलं. संगणक गाडीत ठेवताना तो म्हणाला होता, "एक लक्षात ठेवा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर कधी अपडेट करू नका, मी सेटिंग बरोबर करून दिलंय." तेव्हा मला ती काळजी वाटली होती. तो इशारा होता, आणि तो मला नाही, स्वतःला वाचवण्यासाठी दिलेला. कोणीही संगणक विकताना ड्रायव्हर अपडेट करू नका म्हणालं, तर तो व्यवहार तिथेच थांबवा, एवढं मी हात जोडून सांगते.

माझ्या भाच्याला हार्डवेअरचं कळतं. त्याने संगणक पूर्ववत केला आणि जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाआधी कंसात इंग्रजीत लिहून आलं: फेक. म्हणजे खोटं. हे सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी बनावट एनव्हीडिया कार्डं ओळखतं. करतात काय, तर २०१० किंवा २०११ च्या सुमाराची, फर्मी पिढीची जुनी कार्डं घ्यायची, त्यांच्या चिपमधलं बायॉस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलायचं, आणि त्यात नव्या कार्डाचं नाव आणि फुगवलेली स्मृती लिहून टाकायची. विंडोज ते नाव वाचतं आणि तसंच दाखवतं. खऱ्या १०५० टीआय मध्ये ७६८ कोअर, म्हणजे चित्राचा हिशोब करणारे छोटे भाग, असतात. माझ्या कार्डात १९२ निघाले. स्मृतीही ४ जीबी नव्हती, १ होती, आणि तेवढी भरली की सगळं गोठत होतं.

भाचा मग मागची बाजू बघून म्हणाला, "मावशी, हे तर नुसतं बघूनच कळलं असतं." कार्डाच्या मागे निळ्या रंगाचं जुन्या पद्धतीचं व्हीजीए सॉकेट होतं. जीटीएक्स १० मालिकेपासून एनव्हीडियाने तो अ‍ॅनालॉग सिग्नल काढून टाकला आहे, त्यामुळे खऱ्या १०५० टीआय वर असं सॉकेट सहसा नसतं. सॉफ्टवेअर नको, संगणक सुरू करायलाही नको. मागून एकदा वाकून बघायचं. मी इतके दिवस त्या सॉकेटवरची धूळ पुसत होते.

आय-सेव्हनबद्दल विक्रेत्याला खोटारडा म्हणता येत नाही, हेच जास्त बोचतं. आय-सेव्हन हे नाव २००८ पासून चालत आलेलं आहे. खरी ओळख त्यापुढच्या आकड्यात असते. माझा निघाला २६००, दुसऱ्या पिढीचा, २०११ चा. वाईट प्रोसेसर नाही, पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे मुख्यतः आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. त्याने तपासणी चुकवून विंडोज ११ घातलं होतं. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर मजकूर होता, की तुमच्या संस्थेच्या सेवेमार्फत विंडोज सक्रिय केलं आहे. मी कुठल्याच संस्थेची नाही. अशी सक्रियता १८० दिवसांची असते, आणि घरगुती संगणकावर ती बहुधा चोरवाटेनेच आलेली असते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून जुन्या यंत्रांना असा नवा मुलामा देऊन खपवणं वाढलं असेल, असं मला वाटतं. म्हणून पिढी विचारा, आणि "आय-सेव्हन आहे" या उत्तरावर थांबू नका.

त्याला जाऊन भेटले. कार्ड समोर ठेवलं. तो म्हणाला, मला वरून असंच आलं, मी काय करणार. पावती काढली, तर तिच्यावर एवढंच होतं: संगणक संच, चालू स्थितीत दिला. कार्डाचं नाव नाही, प्रोसेसरचा आकडा नाही, डोंगलचा उल्लेख नाही. जे बोलणं झालं होतं ते सगळं तोंडी. मी पावती घेताना वाचली होती, आणि त्या पाच शब्दांत मला काही कमी वाटलं नव्हतं. डोंगल आणि दहा मीटरची तार तेवढी त्याने परत घेतली. बाकी नाही.

आज मी भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर रोइंग करते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आतलं ब्लूटूथ ४.२ आहे. सॉफ्टवेअरमधलं चित्र मध्यम दर्जावर ठेवलं, आणि नदी सरळ वाहते. तारेने चालणारं जुनं सॉफ्टवेअरही घालून पाहिलं, तेही चालतं. पहिल्या दिवशी मला एवढंच लागत होतं. फार भव्य चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर असेल तर त्याची गरज वेगळी असू शकते, पण ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने लिहिलेल्या यादीत वाचायची, विकणाऱ्याच्या तोंडून नाही.

लॅपटॉप घेण्याआधी मी एक केलं, ते तुम्हालाही करता येईल. मशीनवरचा मॉनिटर त्याच्या दांड्यावरून सुटा होतो आणि सेलवर चालतो. मशीन उचलून नेता येत नाही, मॉनिटर पिशवीत मावतो. तो आणि छोटी तार घेऊन मी भाच्याकडे गेले. त्याच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, आधी ब्लूटूथने जोडला, मग तारेने, मग सॉफ्टवेअर उघडून त्यात मॉनिटरचं नाव दिसतंय ना ते पाहिलं. हँडल नसल्यामुळे आकडे शून्यच राहतात, पण जोडणी होते की नाही ते कळतं. दहा मिनिटं लागली. तो भाचा असूनही मी हे केलं आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. विक्रेत्याला वाटलं, तर वाटू द्या.

ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. मधे एकाने विचारलं, चालू असेल तर देऊन टाका, कुणीतरी घेईल. मी दिलं नाही. त्याच्यावर जाड काळ्या शाईने 'बनावट' लिहून ठेवलं आहे.