करारनामा नोंदवला, महारेराचा नंबर आहे, घरपट्टीही येते. तरी इमारत बेकायदा

नालासोपाऱ्यात 2024 च्या अखेरीला आणि 2025 च्या सुरुवातीला ज्या इमारतींवर हातोडा पडला, त्या 41 इमारतींची जागा विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या वापरून थेट महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची नोंदणी मिळवली गेली. त्या इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. बिल्डर पैसे घेऊन मोकळे झाले आणि नालासोपाऱ्यातली कुटुंबं सामानासकट रस्त्यावर आली.

घर स्वस्त का पडतं, ते जमिनीतच कळतं. निवासी झोनमधली जागा महाग असते. शाळा, बाग, रस्ता यांसाठी राखीव किंवा हरित पट्ट्यातली जागा त्याच रस्त्याला पडत्या भावात मिळते. त्यामुळे शेजारच्या इमारतीपेक्षा भाव फारच कमी असेल, तर आधी सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर विचारा. नुसत्या सर्व्हे नंबरावर भागत नाही. एकाच सर्व्हे नंबरातला एक हिस्सा निवासी आणि दुसरा आरक्षणात असू शकतो, आणि दाखवायला नेमके पहिल्याचे कागद पुढे केले जातात.

झोन विचारला की उत्तर ठरलेलं असतं: ‘आरक्षण उठणार आहे, 127 ची नोटीस दिलीय.’ महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 127 मध्ये ही वाट आहे, पण लांबची. आराखडा अमलात येऊन 10 वर्षं जावी लागतात, मग मालकाने खरेदीची नोटीस द्यायची, त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तरच आरक्षण संपतं, आणि तसं राजपत्रात छापून यावं लागतं. नोटिशीची झेरॉक्स म्हणजे आरक्षण उठणं नव्हे.

सर्वात जास्त फसतात ते बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राला, म्हणजे सीसीला. बनावट सीसी दिसायला चोख असते: बोधचिन्ह, गोल शिक्का, नगररचनाकाराची सही, जावक क्रमांक, तारीख, सगळं जागच्या जागी. खोटेपणा कागदावर दिसत नाही, तो कार्यालयातल्या जावक नोंदवहीत सापडतो. तो क्रमांक तिथे दुसऱ्याच पत्राचा निघतो किंवा नसतोच. कधी सीसी खरी असते, पण तळमजला अधिक चारची. प्रत्यक्षात सात मजले उभे असतात आणि तुम्हाला सहाव्यावरचा फ्लॅट विकला जातो. कधी ती फक्त जोत्यापर्यंतची असते.

म्हणून टोकन देण्याआधी दोन कामं स्वतः करा, एजंटाच्या हाती देऊ नका. सातबारा आणि मोजणी नकाशा जोडून महापालिकेच्या नगररचना विभागाकडे झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. दुसरं, 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून सीसी आणि मंजूर नकाशाची साक्षांकित प्रत मागा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. ‘तोपर्यंत फ्लॅट जाईल’ असं म्हणणाऱ्याचा फ्लॅट खुशाल जाऊ द्या.

बाकीच्या कागदांवर लोक नको तेवढा विश्वास टाकतात. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. इमारत कायदेशीर आहे असा दाखला देत नाही. घरपट्टी बेकायदा बांधकामालाही लागते. पावतीवर बेकायदा बांधकामाच्या ‘शास्ती’चा, म्हणजे दंडाचा रकाना भरलेला असेल तर तोच इशारा समजा. कर्जाचंही तसंच: मोठ्या बँका नाकारतात आणि एजंट ठरावीक फायनान्स कंपनीकडेच नेतो, तेव्हा बँकेच्या वकिलाने नाही का म्हटलं ते विचाराच. आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हा रेरा कायदाच आहे. त्यावर रोख मागितली तर देऊ नका, ती पुढे सिद्ध करता येत नाही.

पैसे गेलेच असतील तर बिल्डरला द्यायचा पुढचा हप्ता थांबवा आणि नगररचना विभागाकडून ‘अशी परवानगी दिलेली नाही’ असं लेखी घ्या. पोलिसांतली तक्रार आणि महारेराकडे व्याजासह परताव्याचा अर्ज, दोन्ही त्या एका पत्रावर उभे राहतात. मध्येच कुणी ‘दंड भरून नियमित करून देतो’ म्हणत वर्गणी मागायला आला, तर आधी त्याच्याकडे आरक्षण उठल्याचं राजपत्र मागा.