रोस्किल्डे फेस्टिवलचं कॅम्पिंग, उभा केलेला तंबू आणि त्याआधीचं कोपनहेगन: आमचा अनुभव

एप्रिलमधल्या एका रविवारी मी गच्चीवर नळी धरून तंबूवर पाणी मारत होते आणि ताई आत टॉर्च घेऊन बसली होती. तंबू ऑनलाइन घेतलेला, दोन माणसांचा, पिशवीवर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ लिहिलेलं. दहा मिनिटंही झाली नसतील, आतून आवाज आला, "अगं थांब, शिवणीतून गळतंय, माझ्या मांडीवर पडतंय पाणी." तंबू परत केला, पैसे मिळायला तीन आठवडे आणि सात ईमेल लागले, पण त्या दहा मिनिटांनी आमची ट्रिप वाचवली असं मी आजही म्हणते, कारण त्याच संध्याकाळी ठरलं की तंबू घरून न्यायचाच नाही, तिथेच आधीच उभा केलेला मिळतो तो जास्तीचे पैसे भरून घ्यायचा. त्यामुळे हा रिव्ह्यू मुख्यतः त्या तंबूचा आणि रोस्किल्डेच्या कॅम्पिंगचा आहे, सोबत त्याआधी जे फिरलो त्याचाही.

रोस्किल्डे हे डेन्मार्कमधलं छोटं गाव, राजधानी कोपनहेगनपासून पश्चिमेला तीसेक किलोमीटर, ट्रेनने जेमतेम २५ मिनिटं. तिथे १९७१ पासून संगीताचा हा फेस्टिवल होतो, सुरू करणाऱ्यांमध्ये शाळेतली दोन मुलं होती. नफा कुणाच्या खिशात जात नाही, तो मुलांच्या, तरुणांच्या आणि कलेच्या कामांना दिला जातो, आणि सगळा डोलारा जवळपास ३०,००० व्हॉलंटियर्स उभा करतात. हे वाचून ठीक वाटतं पण तिथे प्रत्यक्ष जाणवतं, तुमचा रिस्टबँड बांधणारी बाई, पाण्याच्या नळापाशी उभा असलेला आजोबांच्या वयाचा माणूस, यातले कितीतरी जण पगारावर नाहीत, हौसेने आलेत. जूनच्या शेवटी शनिवारी कॅम्पिंग उघडतं आणि पुढच्या शनिवारपर्यंत चालतं, पहिले काही दिवस छोट्या स्टेजवर नवे कलाकार, आणि बुधवारपासून शनिवारपर्यंत मोठे. पूर्ण तिकिटात कॅम्पिंगची जागा येतेच, उभा तंबू मात्र वेगळा घ्यावा लागतो आणि तो लवकर बुक करावा.

आता व्हिसा, कारण सगळ्यात जास्त घाबरवलं गेलं ते इथे. एका एजंटने आम्हाला सरळ सांगितलं की तंबूत राहणार असं लिहिलंत तर रिजेक्ट होईल, मी तुम्हाला दोन आठवड्यांचं खोटं हॉटेल बुकिंग काढून देतो. ताईने तिथल्या तिथे नाही म्हटलं. ती ५२ वर्षांची आहे, आयुष्यभर सरकारी कागद हाताळलेत तिने, तिचं म्हणणं एकच, कागदावर तेच लिहायचं जे आपण करणार आहोत. आम्ही पहिल्या सात रात्रींचं हॉटेल, पुढच्या सहा रात्रींसाठी फेस्टिवलचं तिकीट आणि तंबूची पावती, आणि कव्हर लेटरमध्ये तारीखवार कोणत्या रात्री कुठे झोपणार याचा साधा तक्ता असं जोडलं, आणि व्हिसा आला. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे डेन्मार्कसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी आता ९० युरो आहे, इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू पाहिजे. निर्णयाला साधारण १५ दिवस असं नियमात आहे पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही म्हणून मार्चमध्येच हे काम उरका, आणि खोटं बुकिंग कुणी कितीही गोड बोलून दिलं तरी घेऊ नका.

प्लॅनिंगमध्ये आमचा एकच निर्णय सगळ्यात चांगला ठरला तो म्हणजे शहर आधी आणि तंबू नंतर. बरेच जण उलटं करतात, आधी फेस्टिवल मग निवांत फिरू म्हणतात, पण सहा रात्री जमिनीवर झोपल्यावर म्युझियममध्ये उभं राहायला पाय उरत नाहीत, शिवाय सगळे कपडे चिखलाचे झालेले असतात. आम्ही २३ जूनला मुद्दाम पोचलो कारण त्या संध्याकाळी तिथे सांक्त हान्सचा सण असतो, समुद्रकाठी, तळ्याकाठी मोठ्या शेकोट्या पेटवतात, वर चेटकिणीची बाहुली ठेवलेली असते आणि लहानथोर उभे राहून गाणी म्हणतात. आपल्याला होळी आठवल्याशिवाय राहत नाही. दहा वाजले तरी आकाश उजळ, पाण्यावर आगीचं प्रतिबिंब आणि शेजारी अनोळखी माणसं कागदावरचे शब्द बघत गातायत, विमानाचा शीण तिथेच उतरला. त्याच आठवड्यात रस्त्यावर पांढऱ्या टोप्या घातलेली मुलंमुली उघड्या ट्रकमधून ओरडत जाताना दिसतात, ती बारावीसारखी परीक्षा पास झालेली पोरं, ट्रक प्रत्येकाच्या घरी थांबतो आणि वाटेत लोक हॉर्न वाजवून त्यांचं कौतुक करतात. आम्हीही हात हलवून घेतला.

कोपनहेगन कार्ड, म्हणजे ठरावीक तासांसाठी प्रवास आणि म्युझियमची तिकिटं एकत्र देणारा पास, घ्यावं का हा प्रश्न सगळ्यांना पडतो. फक्त शहरात चालत फिरणार असाल तर नाही घेतलं तरी चालेल. पण त्यात एअरपोर्टची मेट्रो, लोकल ट्रेन, बस आणि शहराबाहेरची ठिकाणंही येतात आणि खरी वसुली तिथेच आहे. आम्ही ७२ तासांचं घेतलं. एका दिवशी किनाऱ्याच्या ट्रेनने आधी हुमलेबेकला उतरून लुइझियाना म्युझियम, तिथे मागे हिरवळ थेट समुद्रापर्यंत उतरते आणि झाडांमध्ये शिल्पं, मग त्याच लाइनवर पुढे हेल्सिंगोरला क्रोनबोर्ग किल्ला, जो शेक्सपियरच्या हॅम्लेटचा मानतात, समोर पाण्यापलीकडे स्वीडन इतका जवळ की घरं दिसतात. दुसऱ्या दिवशी शहरात राउंड टॉवर, १६४२ मध्ये पूर्ण झालेला, वर जायला जिन्याऐवजी गोल गोल चढत जाणारा रॅम्प आहे, ताईच्या गुडघ्यांना हे फार आवडलं. जलपरीचा पुतळा पाहिला, लहान आहे, पाच मिनिटं पुरतात.

तिसरा दिवस रोस्किल्डे गावाला दिला, फेस्टिवलच्या आधी, आणि हे मी सगळ्यांना सांगेन की तंबूत राहायला आल्यावर गाव बघू असं ठेवू नका, होत नाही. तिथलं कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च विटांचं आहे, १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि डेन्मार्कचे सुमारे ४० राजेराण्या तिथे पुरलेत. आत एका चॅपलमध्ये एक खांब आहे ज्यावर भेट दिलेल्या राजांच्या उंचीच्या खुणा कोरल्यात, अगदी आपण लहानपणी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने करायचो तशा. रशियाचा पीटर द ग्रेट त्यात खूप वर आहे. ताई खांबाच्या शेजारी उभी राहिली आणि मी तिचा फोटो काढला, ती सगळ्या राजांच्या खाली. मग चालत खाली फ्योर्डवर, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या खाडीच्या काठी, वायकिंग शिप म्युझियम. अकराव्या शतकात शत्रूच्या जहाजांची वाट अडवायला गावकऱ्यांनी पाच नौका मुद्दाम बुडवल्या होत्या, त्या १९६२ मध्ये बाहेर काढल्या. सगळ्यात लांब नौका जवळपास ३० मीटरची आणि ती बांधली डब्लिनला, १०४२ साली, हे लाकडाच्या वर्तुळांवरून कळलं. बाहेर धक्क्यावर तशाच नौका आजही हाताने बांधतात, आणि उन्हाळ्यात तुम्हाला वल्ही हातात देऊन फ्योर्डमध्ये नेतात. माझ्या तळहाताला फोड आले पण नक्की करा.

आता तंबू. सोमवारी सकाळी मोठ्या बॅगा हॉटेलच्या लगेजरूममध्ये ठेवल्या, पाठीवर एकेक सॅक घेतली आणि ट्रेनने निघालो. फेस्टिवलच्या दिवसांत रोस्किल्डे स्टेशनवरून कॅम्पिंगच्या बाजूला शटल ट्रेन असतात त्यामुळे ओझं घेऊन चालावं लागलं नाही. पोचलो, पावती दाखवली, नंबर मिळाला, आणि आमचा तंबू उभा होता. आत दोन मॅट्रेस, दोघींना पुरेल इतकी जागा, सॅक पायाशी मावल्या. शेजारच्या मोकळ्या भागात लोक वाऱ्यात तंबूची कापडं धरून पळत होते आणि आम्ही बूट काढून आत आडव्या पडलो होतो, त्या क्षणी भरलेला प्रत्येक क्रोनर (तिथलं चलन) वसूल झाला. दुसऱ्या रात्री पाऊस आला, चांगला दोन तास. मी उठून टॉर्चने चारही कोपरे आणि सगळी शिवण बोटाने चाचपली. कोरडी. ताईने डोळेही उघडले नाहीत.

काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. सगळे तंबू एकसारखे दिसतात त्यामुळे रात्री नंबर शोधत बसावं लागतं, आम्ही दाराच्या दोरीला ताईची पिवळी ओढणी बांधली आणि मग लांबूनच सापडायला लागला. जूनच्या शेवटीही रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतं आणि गारवा खालून येतो, वरून नाही, म्हणून पांघरुणापेक्षा अंगाखाली एक जास्तीची फोम शीट घ्या. आणि सूर्य साडेचारला उगवतो. साडेचारला. सातपर्यंत तंबू तापतो आणि झोप संपते, तेव्हा डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे हे पासपोर्टइतकेच आठवणीने घ्या.

आवाजाबद्दल स्पष्ट सांगते. हे कॅम्पिंग शांत नसतं, मुलं स्वतःचे बॅटरीवरचे मोठमोठे स्पीकर घेऊन येतात आणि तो त्यांच्या फेस्टिवलचा भागच आहे, स्टेजइतकाच त्यांना तो प्यारा असतो. पण ज्यांना झोप हवी त्यांच्यासाठी शांत आणि स्वच्छ राहण्याचा नियम असलेला वेगळा विभागही असतो, तिथे जागा कशी मिळते ते आधी तपासून ठेवा. चाळिशीच्या पुढचे असाल, मुलं सोबत असतील किंवा नुसतीच झोप प्रिय असेल तर तिकडेच बघा. आमचा भाग मधला होता, रात्री दोनपर्यंत धडधड ऐकू यायची, मग बरं. शेजारी वीस-एकवीस वर्षांची चार पोरं होती, पहिल्या दिवशी त्यांनी येऊन विचारलं की आमच्या गाण्यांचा त्रास होतोय का, आणि ताईने त्यांना सांगितलं की बाराला आवाज थोडा कमी करा, बाकी चालू दे. त्यांनी रोज बाराला कमी केला. शेवटच्या दिवशी निघताना त्यातली एक ताईच्या गळ्यात पडली.

मुख्य स्टेजचं नाव ऑरेंज, केशरी रंगाच्या मोठ्या छतामुळे. मूळ छत रोलिंग स्टोन्सच्या १९७६ च्या युरोप टूरसाठी केलेलं होतं आणि १९७८ पासून ते इथलं झालं. संध्याकाळी नऊच्या उन्हात तो केशरी रंग पेटल्यासारखा दिसतो. इथे २००० साली गर्दीत चेंगरून नऊ तरुण गेले होते, त्यांच्या स्मरणार्थ झाडं लावलेली आहेत, आम्ही तिथे थोडा वेळ थांबलो. आज स्टेजच्या पुढचा भाग कठड्यांनी वेगळा केलेला असतो, बाजूने रांगेतून मोजकीच माणसं आत घेतात, आणि कुणाला बाहेर यायचं असेल तर वाट मोकळी असते. आत उभी असताना मला एकदाही भीती वाटली नाही, आणि एरवी मला गर्दी सोसत नाही.

खर्चाचं म्हणाल तर डेन्मार्क महाग आहे, त्यात वाद नाही, फेस्टिवलवर सगळं कार्डाने चालतं. नळाचं पाणी प्यायला उत्तम आणि फुकट, बाटली सोबत ठेवा. कॅन आणि बाटल्यांवर पंत नावाचं डिपॉझिट असतं, प्रकार आणि आकाराप्रमाणे १, दीड किंवा ३ क्रोनर, रिकामी परत केली की मिळतं. अंघोळीची रांग सकाळी लांबलचक, पण रात्री ऑरेंजवर मोठं नाव गात असताना रांग जवळपास नसते, आम्ही दोनदा अशी गाणी सोडून गरम पाण्याखाली उभ्या राहिलो. एका दुपारी ऊन होतं तेव्हा कॅम्पिंगमधल्या तळ्यात पोहूनही घेतलं.

तंबूला माझ्याकडून पाचपैकी पाच, पूर्ण ट्रिपला साडेचार. अर्धा कमी केला तो रविवार सकाळसाठी. सगळे निघून जातात आणि मैदानात हजारो चांगले तंबू, खुर्च्या, गाद्या तशाच टाकलेल्या असतात, फेस्टिवलवाले दरवर्षी नेण्याची विनंती करतात तरीही. आमच्या शेजारच्या चार पोरांनी मात्र आपला तंबू घडी केला, त्याचं एक टोक मी धरलं होतं आणि दुसरं ताईने. पिशवीत काही मावेना, मग ताईने गुडघा टेकवून दाबला, त्यांच्यातल्या एकाने चेन ओढली, आणि आम्ही सहाही जण एकाच शटलने स्टेशनला आलो.