हिचवर 5,000 पौंड, गाडीची क्षमता 1,500

अमेरिकेत जुनी एसयूव्ही घेऊन तिच्यामागे कॅम्पर किंवा होडीचा ट्रेलर जोडण्याच्या विचारात असलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहीत आहे, कारण डॅलसजवळच्या एका विक्रेत्याने आम्हाला ज्या युक्तीने फसवले ती इतकी साधी आहे की कोणताही विक्रेता ती वापरू शकेल.

जाहिरातीत ‘टो पॅकेजसह (म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी बसवलेल्या खास सामग्रीसह), 5,000 पौंड ओढण्याची क्षमता’ असे छापले होते. विक्रेत्याने गाडीच्या मागे वाकून हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी चौकटीच्या, रिसीव्हरवरचे (बॉल माउंट जिथे घुसवतात त्या चौकोनी नळीवरचे) लेबल आम्हाला वाचून दाखवले: ट्रेलरचे कमाल वजन 5,000 पौंड आणि टंग वेट, म्हणजे हिचवर वरून पडणारा भार, 500 पौंड. लेबल अस्सल होते. लबाडी होती ती ते गाडीची क्षमता म्हणून वाचून दाखवण्यात. तो आकडा त्या लोखंडी चौकटीपुरता असतो, आणि जू भक्कम आहे म्हणून बैलाचे बळ वाढत नाही. गाडीची माहितीपुस्तिका मागितली, तेव्हा ती आधीच्या मालकाने दिलीच नाही असे उत्तर मिळाले. पुढे आम्ही ती कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली, तेव्हा सहा सिलिंडरचे इंजिन आणि कारखान्यात बसवलेले टो पॅकेज असेल तरच 5,000 पौंड, आणि आमच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला फक्त 1,500, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आढळले.

गाडी घेऊन कॅम्पर ओढत असताना टेक्सासच्या हिल कंट्रीतील चढांवर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला आणि प्रकरण उघडकीस आले. मेकॅनिकने गाडी उचलून दाखवली, तेव्हा खालचा सगळा सांगाडा गंजाने तांबूस झालेला असताना हिचचे बोल्ट मात्र कोरे करकरीत होते. गिअरबॉक्सचे तेल थंड ठेवणारा ट्रान्समिशन कूलर नव्हता, आणि ट्रेलरच्या ब्रेकना वीज पुरवणाऱ्या सात पिनांच्या जोडणीऐवजी केवळ दिवे चालवणारा चार पिनांचा चपटा प्लग प्लास्टिकच्या पट्टीने बांधून ठेवला होता. ज्याला विक्रेता टो पॅकेज म्हणत होता, ते विक्रीपूर्वी बाहेरून आणून ठोकलेले लोखंड होते.

ओढण्याच्या साखळीत गाडी, रिसीव्हर, त्यात बसणारा बॉल माउंट, त्यावरचा बॉल आणि बॉलवर बसणारा ट्रेलरचा कपलर या प्रत्येकाला स्वतंत्र मर्यादा असते आणि त्यांतली सर्वांत कमी असेल तीच सगळ्यांची मर्यादा ठरते. आमच्या बॉलवर 3,500 कोरलेले होते, पण गाडीच्या 1,500 पुढे तो आकडाही निरुपयोगी होता. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर सामानासह कॅम्पर 3,300 पौंड भरला, जरी माहितीपत्रकात रिकामे वजन 2,700 होते. एका गॅलन पाण्याचे वजनच सव्वाआठ पौंडांच्या वर जाते, त्यामुळे 30 गॅलनची टाकी अडीचशे पौंड खाते. एवढ्या ट्रेलरचे टंग वेट साधारण दहा ते पंधरा टक्के, म्हणजे 330 ते 495 पौंड असावे लागते. ते कमी पडले तर ट्रेलर मागे डोलू लागतो, आणि जास्त झाले तर गाडीचे बूड बसून पुढच्या चाकांची पकड सैल होते. हा भार चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या पट्टीत दिलेल्या माणसे व सामानाच्या मर्यादेतूनच वजा होतो, हे तर विक्रेते कधी चुकूनही सांगत नाहीत.

गाडी ‘जशी आहे तशी’ विकल्याचे कारण देऊन विक्रेत्याने प्रथम हात झटकले. विकाऊ जुन्या गाडीच्या काचेवर लावावा लागणारा केंद्रीय नियमाचा ‘बायर्स गाइड’ हा कागदच सांगतो की तोंडी आश्वासने अमलात आणणे कठीण असते, ती लेखी घ्यावीत. आमच्याकडे सुदैवाने जाहिरातीची छापील प्रत होती. टेक्सासच्या फसव्या व्यापारविरोधी कायद्यानुसार दाव्यापूर्वी 60 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती जाहिरातीच्या प्रतीसह, मेकॅनिकने काढलेले फोटो आणि काट्याची पावती जोडून पाठवल्यावर त्याने गाडी परत घेतली, मात्र कर आणि नोंदणीचे पैसे आमच्याच अंगावर पडले. दुसरी गाडी घेताना आम्ही आधी तिचा व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, त्या कंपनीच्या अधिकृत विक्री केंद्रात दिला आणि कारखान्यातून निघताना तिच्यात काय काय बसवले होते याची यादी लेखी मागून घेतली.