रास्पबेरी पाय ४ द्राक्षबागेत, नऊ महिन्यांनी: लाईट गेली की डिस्क गायब, सेन्सर गायब

जूनमध्ये नाशिकजवळ मखमलाबादला आमच्या बागेतल्या मोटारीच्या खोलीत रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') बसवला, ४ जीबीचा. काम साधंच, तापमान आणि हवेतली आर्द्रता दर ५ मिनिटांनी लिहून ठेवायची, एक यूएसबी कॅमेरा, सगळा डेटा यूएसबीला लावलेल्या एसएसडी डिस्कवर, सिस्टिम मेमरी कार्डवर. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची, ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) डावणी या बुरशीजन्य रोगाचं टेन्शन असतं आणि कधी फवारायचं हे अंदाजावर सोडायचं नव्हतं म्हणून हा उद्योग. आता फेब्रुवारी आहे, चालतोय. पण मधे तीनदा मान टाकली आणि तिन्ही वेळा मला वाटलं हार्डवेअर जळालं.

पहिला झटका ऑगस्टात. रात्री लाईट गेली, आली, परत गेली, पावसाळ्यात होतं तसं. सकाळी पाय नेटवर्कवर नाही. घरून मॉनिटर उचलून नेला, तिथे गेल्यावर आठवलं की पाय ४ ला मायक्रो एचडीएमआय लागते आणि ती केबल इंदिरानगरला घरी टेबलावर, म्हणजे अजून एक फेरी. स्क्रीनवर इमर्जन्सी मोड, रूट अकाउंट लॉक आहे, एंटर दाबा, दाबलं की परत तेच. एसएसडी सापडली नव्हती आणि एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ती यादी) तिच्या ओळीत 'नोफेल', म्हणजे नसली तरी पुढे जा, असं लिहिलेलं नव्हतं, म्हणून सिस्टिम दीड मिनिट तिची वाट बघून अडून बसली होती, एवढंच. कार्ड काढून लिनक्सच्या लॅपटॉपला लावलं, ती ओळ बंद केली, बूट झाला.

डिस्क मात्र नाहीच. एलएसयूएसबीत (यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी) नाव नाही, डीमेसेजमध्ये (सिस्टिमच्या नोंदी) 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१' आणि खाली 'अनेबल टू इन्यूमरेट', ओळीमागून ओळी. एमजी रोडला एका दुकानात दाखवली, गेली म्हणाले, मी पण मुकाट नवीन घेतली. नवीन लावली तर तीच एरर! तेव्हा कुठे डोकं चाललं. व्हीसीजेनसीएमडी या पायच्या कमांडने गेट-थ्रॉटल्ड, म्हणजे वीज कमी पडतेय का, ते विचारलं तर उत्तर ०x५०००५. यातला शेवटचा ५ म्हणजे आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि प्रोसेसरला लगाम बसलाय, आणि सुरुवातीचा ५ म्हणजे बूट झाल्यापासून हे होऊन गेलंय. ४.६३ व्होल्टच्या आसपास खाली आलं की पाय ही नोंद करतो. मी जुन्या मोबाईलचा चार्जर आणि सुतासारखी बारीक केबल लावली होती, आणि चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, त्यात कॅमेरा आणि डिस्क दोघं जेवायला बसलेले. ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला, उत्तर ०x०, आणि दुकानात 'गेलेली' डिस्क पहिल्या फटक्यात दिसली.

तरी ती आठवड्यातून एकदा लिहिता लिहिता सुटायची. डिस्कच्या एन्क्लोजरमधली (बाहेरच्या डबीतली) चिप आणि यूएएस, म्हणजे यूएसबी डिस्क वेगाने चालवणारा ड्रायव्हर, यांचं पटत नव्हतं. बूटच्या सीएमडीलाइन फाइलमध्ये यूएसबी-स्टोरेजचा क्वर्क टाकला (या चिपसाठी यूएएस वापरू नको अशी सूचना), म्हणजे चिपचा आयडी आणि शेवटी यू, तेव्हापासून शांतता. स्पीड थोडा कमी झाला, मला फरक पडत नाही. फक्त ती अख्खी फाइल एकाच ओळीत ठेवा, मधे एंटर मारलात तर पुढचं वाचलंच जात नाही.

अजून एक चीड आणणारी गोष्ट, पाय ४ ला बॅटरीवरचं घड्याळ नाही. लाईट आल्यावर नेट मिळेपर्यंत तो जुन्याच वेळेत असतो, त्यामुळे लॉगमधल्या वेळा बघून मी दोन दिवस भलत्याच रात्रीचा क्रॅश शोधत होतो.

ऑक्टोबरात सेन्सर गायब. यावेळी आयटूसी-१ ही बसच (सेन्सर ज्या दोन तारांवरून पायशी बोलतो ती जोडणी) सिस्टिमला दिसत नव्हती, सेन्सर दिसणार कुठून. कॉन्फिग फाइल उघडली, शून्य बाइट! आदल्या संध्याकाळी मीच त्यात एक ओळ बदलली होती आणि लगेच लाईट गेली, बूट पार्टिशन फॅट पद्धतीचं, त्याला जर्नल (अर्धवट लिहिणं सावरणारी नोंदवही) नसतं, लिहिणं अर्धवट राहिलं. आयटूसी चालू करणारी ओळ परत टाकली, झालं. (पायच्या सिस्टिमची बुकवर्म ही आवृत्ती आल्यापासून ती फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये असते, मी आधी जुन्या जागी शोधत बसलो.) आता तिची एक कॉपी लॅपटॉपवर ठेवतो.

तिसरी भानगड डिसेंबरची, थंडी अशी की खोलीत बोटं चालेनात. पाय हँग झाला, वॉचडॉगने (हँग झाल्यावर रीस्टार्ट करणारा टायमर) आपोआप रीस्टार्ट केला, इथवर छान. पण आयटूसी डिटेक्टमध्ये (बसवर कोण आहे ते दाखवणारी कमांड) ७६, म्हणजे सेन्सरच्या पत्त्याच्या जागी नुसत्या रेघा. यावेळी बस आहे, कॉन्फिग जागेवर, वायरी घट्ट. पाच वेळा रीबूट केला, मग कंटाळून नवीन सेन्सर, बीएमई २८०, मागवला. दुसऱ्या दिवशी आण्णांना फवारणीचा बॅटरी पंप चार्ज करायचा होता, त्यांनी सरळ माझी पिन उपटून त्यांची लावली. मी जरा चिडलोच, पण तासाभराने परत लावली तर ७६ हजर, २१ अंशाचं रीडिंग पण आलं.

नंतर कळलं ते असं, सेन्सर एखादा बाइट पाठवत असताना पाय मेला तर सेन्सर डेटाची लाईन खाली धरून पुढच्या क्लॉकची वाट बघत राहतो. आणि रीबूट केल्याने त्याचा ३.३ व्होल्टचा पुरवठा तुटतच नाही, त्याला पत्ताच नाही की समोरचा मेला आणि परत जन्मला. क्लॉक लाईन नऊ वेळा हलवून सोडवता येतं म्हणतात, मी मात्र आता पिनच काढतो, आणि यूएसबीला स्वतःची पॉवर असलेला हब असेल तर त्याचीही काढायची, नाहीतर तो मागून डिस्कला जिवंत ठेवतो.

पाय परत घेईन का? हो, पण अडॅप्टर आधी घेईन. ऑगस्टात घेतलेली जास्तीची एसएसडी बहिणीच्या लॅपटॉपला लागली, नवीन सेन्सर अजून पाकिटातच आहे, सील पण फोडलेलं नाही.